आता माझे मजले मोज

८ जानेवारी २०२३, जळगाव

आज धुळ्याला जाऊन जागा बघून आले. देवपूरच्या पुढे रस्त्याला लागून असलेला हा प्लॉट आमच्या ह्यांच्या वाटणीचा. हे गेल्यापासून तिथे नुसत्या बाभळी माजल्या होत्या. आता गाव तिथवर येऊन ठेपलंय. समोर दवाखाना झाला, पलीकडे शाळा झाली, आणि धुळ्याचे बांधकामवाले दीपचंद शेठ स्वतःहून फोन करून विचारतात, पुष्पाबाई, मिळून बांधायचं का? खाली दुकानं, वर फ्लॅट.

मी हो म्हणून टाकलं. का म्हटलं ते शेठला सांगितलं नाही, इथे लिहिते. प्लॉटच्या बरोबर मागे तोतारामचं घर आहे. तोताराम म्हणजे माझा थोरला दीर. समोर आला की डोक्यावर पदर घेऊन मी त्याला आबा म्हणते, पण माझ्या डायरीत मी त्याला अरे-तुरेच करणार. माझा प्लॉट मोकळा म्हणून त्याच्या ओट्यावरून थेट रस्ता दिसतो. आज तिसऱ्या प्रहरी गेले तर मफलर गुंडाळून बसला होता ओट्यावर, उन्हात, जाणाऱ्या-येणाऱ्याचे रामराम घेत. ऊन माझ्या जागेवरून येतं, रामरामही माझ्याच जागेवरून येतात. मला बघून मान वळवली त्याने.

ते दोन्ही मी बंद करणार आहे.

११ जानेवारी

रात्री जेवताना मयुरी म्हणाली, आई, इमारत बांधतेस ते चांगलंच आहे, पण तुझ्या तोंडावर वेगळंच काहीतरी दिसतंय. ती लहान होती, तिला सगळं आठवत नसेल. मला आठवतं.

आमच्या घराण्याची देवी कानबाई श्रावणात थोरल्याच्या घरी बसते. नैवेद्याच्या रोटासाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, गहू मोजतात, कुळातल्या एकेका माणसाच्या नावाने एकेक मूठ. त्या पिठाचे रोट कुळातल्यांनीच खायचे. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, राखीच्या पौर्णिमेपर्यंत संपवायचे. हे गेले त्याच्या पुढच्या श्रावणात मी पोरीला घेऊन गेले होते. तोताराम सुपासमोर बसून नावं घेत होता. स्वतःचं, पोरांचं, पार सुरतेच्या चुलतभावाच्या तान्ह्या नातवाचं. मग त्याने हात झटकले. मी विचारलं, आबा, आमचं राहिलं. तर सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणतो कसा,

"त्या घरमा आते माणूस नही. मूठ कोना नावनी टाकू?"

पुरुष नाही म्हणून घरच नाही. मी आणि माझी पोर म्हणजे कोणीच नाही. तशीच उपाशी पोरीला घेऊन एस.टी.त बसले. पुढे जळगावात मेस काढली, कॉलेजची पोरं जेवू घातली, मयुरीला शिकवलं. सगळं झालं, पण ते सूप काही डोळ्यांसमोरून हललं नाही. मला मोजलं नाही ना? आता बस ओट्यावर आणि माझे मजले मोज.

२ फेब्रुवारी

नकाशाचं बोलणं झालं. शेठचा मुलगा अखिल आर्किटेक्ट आहे, गोड बोलतो, काकू काकू करतो. त्याने मधे चौक सोडून छान नकाशा काढला होता. म्हटलं, चौक-बिक नको. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ भिंतीसारखी इमारत पाहिजे, नियमात बसेल तेवढी उंच. हॉल आणि बाल्कन्या रस्त्याकडे. स्वयंपाकघरं सगळी मागे.

तो म्हणाला, काकू, रस्ता पश्चिमेला आहे, पुढच्या हॉलची मे महिन्यात भट्टी होईल. आणि मागच्या घरावर दुपारनंतर, एवढं तो बोलला आणि मी त्याला तोडलं. म्हटलं, मागच्या घराचंच सांग. दुपारनंतर ऊन जाईल ना त्याचं? तो म्हणाला, जाईल, पूर्ण जाईल. म्हटलं, मग झालं तर. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

मेस चालवलेली बाई मी. स्वयंपाकघरातून दिवसभर काय काय बाहेर पडतं ते मला विचारा. मिरच्या भाजल्याचा ठसका, मिक्सरची घरघर, भांड्यांची आदळआपट, ओल्या कपड्यांच्या रांगा. एवढ्या घरांचं हे सगळं तोतारामच्या नाकासमोर. म्हणूनच मागच्या गॅलऱ्या मी मुद्दाम रुंद करून घेतल्या. खिडक्याही मोठ्या सांगितल्या, ओटा कमरेच्या बेताचा, कुरडया वाळत घालायला जागा. सूड माझा आहे, त्यापायी दुसऱ्या बाईची कंबर का मोडावी? अखिल म्हणाला, एवढी चांगली किचनं मी अजून कुठे काढली नाहीत.

मागच्या भिंतीला फाटक ठेवायचं का, असं त्याने विचारलं. म्हटलं, मुळीच नाही.

२७ ऑगस्ट

आज कानबाई बसली. आणि आजच मी जेसीबी लावला. अखिल म्हणत होता, काकू, रविवार आहे, उद्या करू. म्हटलं, आजच. तिकडे बायकांनी गाणं धरलं की इकडे खड्ड्यात घरघर सुरू. धूळ उडून थेट त्यांच्या मांडवात. माझं समाधान झालं.

दुपारी मोठी जाऊ, झुंबरअक्का, तारेपाशी आली. हातात पाण्याचा तांब्या. म्हणाली, पुष्पा, उन्हात उभी शे, पाणी पी. मी घेतलं नाही. लोक म्हणतात अक्का गरीब आहे. असेल. पण त्या दिवशी सुपाशेजारी तीही बसली होती आणि तिने तोंड उघडलं नव्हतं. तिचे दोन्ही मुलगे बडोद्याला आणि पुण्याला, सणाला येतात आणि रात्रीच्या गाडीने जातात. मग तिचं घर तरी माझ्याहून काय वेगळं, रिकामंच की, असं मनात आलं. असं मनात आलेलं मला आवडत नाही.

१२ जानेवारी २०२४

दुसऱ्या मजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या. मुहूर्त साधल्यासारखी मी तिसऱ्या प्रहरी जिन्यात जाऊन उभी राहिले. तोताराम खुर्ची घेऊन आला. ओट्यावर ऊन नव्हतं. त्याने खुर्ची अंगणात सरकवली, तिथलंही गेलं. मग कुंपणाच्या कोपऱ्यात एक पट्टा उरला होता तिथे जाऊन बसला, तोही आक्रसत आक्रसत संपला. शेवटी खुर्ची उचलून घरात गेला. दार लावून घेतलं.

मी हे सगळं उभी राहून बघितलं आणि मला फार बरं वाटलं. लिहायला लाज वाटत नाही. जळगावला येऊन मेसच्या पोरांना शिरा करून घातला, कशाचा ते सांगितलं नाही.

२१ मे २०२४

पाचवा स्लॅब. ऊन असं की लोखंडाला हात लावता येत नाही. म्हाताऱ्याची मात्र खोड जात नाही. आता अंगणात खाट टाकून दुपारभर तिथेच पडून असतो. ऊन परत येईल अशी वाट बघत असेल. ये म्हणावं आता, बघ कुठून येतं ते.

आणखी एक. माझे मजूर जेवायला भिंतीवरून उड्या टाकून त्याच्या अंगणात जातात. गवंडी म्हणतो, बाई, तिथे बरं वाटतं. म्हातारा त्यांना ताक देतो म्हणे. रस्त्याचे रामराम गेले म्हणून आता मजुरांना ताक पाजून माणसं गोळा करतोय. इतका खाली आला.

३० एप्रिल २०२५, धुळे

आज अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. आजच सगळ्यांना चाव्या दिल्या. मेस मी मागच्याच महिन्यात बंद केली. खाली दुकानं लागली, औषधांचं, किराण्याचं, एक सलून, एक झेरॉक्सवाला. तिसऱ्या मजल्यावरचा सगळ्यात मोठा फ्लॅट माझा. बाल्कनीतून सगळा रस्ता दिसतो. जो रस्ता त्याचा होता तो आता मी बघते. मयुरी नोकरीसाठी जळगावलाच राहिली, सुट्टीला येईल.

संध्याकाळी मागून गाण्याचा आवाज आला म्हणून स्वयंपाकघरात गेले. खाली तोतारामच्या कडुनिंबाला झोका बांधलेला. दुसऱ्या मजल्यावर आलेली भूमिका, नवीन लग्न झालेली पोर, ती झोक्यावर, आणि झुंबरअक्का तिला झोका देत आखाजीचं गाणं म्हणतेय. इमारतीतल्या आणखी चार-पाच जणी भोवती. फाटक नाही तर या गेल्या कशा? भिंतीला स्टूल लावून.

माझ्या इमारतीतल्या बायका. माझ्याकडे कोणी पेढा द्यायलासुद्धा आलं नव्हतं.

१७ मे

आज लिहायचं नव्हतं, पण अंगाची आग आग होतेय, आतून आणि बाहेरून.

पंचेचाळीसच्या वर गेलाय पारा. दुपारी दोननंतर माझ्या हॉलमध्ये पाऊल ठेवता येत नाही. कूलर गरम वाफा सोडतो. बाल्कनीचं दार बंद, पडदे बंद, चादर ओली करून टांगली, काही उपयोग नाही. शेवटी उशी घेऊन मागच्या गॅलरीत जाऊन बसले. तिथे गार. अगदी मस्त गार. खाली बघितलं तर तोतारामचं सगळं अंगण सावलीत. माझ्या पाच मजल्यांच्या सावलीत. पाणी मारलेलं, खाटा टाकलेल्या, बायका कुरडया घालतायत, पोरं खेळतायत, आणि म्हातारा मधोमध खाटेवर उताणा, पोटावर पंचा, झोपलाय सुखाने.

मला तेव्हा कळलं. मागच्या वर्षी तो उन्हाची वाट बघत नव्हता.

मी हे सगळं जानेवारीत ठरवलं होतं. कडाक्याच्या थंडीत, तो उन्हात बसलेला दिसला तेव्हा. आख्खा जन्म खान्देशात काढला, चुलीसमोर काढला, आणि ऊन हिसकावून घेताना मला आमचा मे महिना आठवला नाही. अखिल सांगत होता, त्याचं तोंड मी बंद केलं. धुळ्यातल्या माणसाला सावली बांधून दिली, तीही फुकट, आणि भट्टीत स्वतः येऊन राहिले. कोणाला सांगायची सोय नाही. मयुरीला सांगितलं तर ती फोनवर हसतच सुटली. मी फोन ठेवून दिला.

८ जून

सोसायटीची पहिली बैठक. विषय एकच, मागच्या भिंतीला फाटक. मी कडाडून विरोध केला. चोर येतील म्हटलं, कुत्री येतील म्हटलं. भूमिका म्हणाली, काकू, आबा आणि अक्का आहेत ना तिथे दिवसभर, चोर कसे येतील? एकूण एक घराने हो म्हटलं. उद्या गवंडी येणार. माझ्याच भिंतीला माझ्यासमोर भोक पाडणार.

सकाळी काय चालतं तेही लिहून ठेवते. मागच्या गॅलऱ्यांतून बायका हाका मारतात, आबा, चहा झाला का? तो खालून एकेकीला रामराम घालतो. दोरीला टोपली बांधून कोणी वरून भाजी सोडतं, कोणी वरण. त्याच टोपलीतून अक्का कढीपत्ता आणि लिंबं वर पाठवते. रस्त्याचे रामराम मी तोडले, तर माझ्याच मजल्यांवरून त्याला ते मिळायला लागले. मजले मोज म्हटलं होतं मी. एकेक मजला नावानिशी मोजतो मेला.

माझ्या गॅलरीकडे तो बघत नाही. मी पडद्याआडून बघते, म्हणून मला माहीत आहे.

२ ऑगस्ट

आज दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर तोताराम. एकटाच. लिफ्टने आला असावा, तरी दम लागलेला. इतक्या वर्षांत माझ्या उंबऱ्याशी पहिल्यांदा उभा. किती वाळलाय. मी पदर घेतला नाही.

म्हणाला, "गहू मोजी राहिनूत. तुन्ही मूठ टाकाले चाल."

मी दाराची कडी सोडली नाही. तो पुन्हा म्हणाला, "बठ्ठी बिल्डिंग ई राहिनी उद्या. अन तू नही?"

ज्या क्षणासाठी मी पाच मजले बांधले तो हा क्षण, हे मला लगेच कळलं. मी अगदी शांतपणे म्हटलं, "या घरात पुरुष नाही, आबा. मूठ कोणाच्या नावाने टाकणार?"

आणि दार लावून घेतलं. तो बराच वेळ बाहेर होता. चप्पल घासल्याचा आवाज येत होता. मग लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

फिटलं. एकदाचं फिटलं. हात अजून थरथरतायत, ते उन्हाने असेल.

३ ऑगस्ट

आज ढग आहेत. काल ऊन नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं.

रात्र झाली, मागे गाणी आणि फुगड्या. सगळी इमारत फाटकातून तिकडे गेलेली. रोट कुळाबाहेर जात नाहीत, पण दर्शनाला आणि फुगडीला कोणालाही मनाई नसते. भूमिका बोलवायला आली. डोकं दुखतंय म्हटलं. ती गेल्यावर आख्ख्या इमारतीत मी एकटी. नळाचं पाणी ठिबकतंय तेसुद्धा ऐकू येतं. मी जिंकले आहे, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतेय.

४ ऑगस्ट

कानबाई विसर्जनाला पांझरा नदीवर निघाली, माझ्या बाल्कनीखालून, वाजतगाजत. झुंबरअक्काच्या डोक्यावर पाट. म्हातारा मागे काठी टेकत. मी हात जोडले. देवीला जोडले, त्यांना नाही. अक्काने मान न हलवता डोळे वर करून बघितलं. तिला वाटलं असेल, तिलाच जोडले. वाटो.

८ ऑगस्ट

संध्याकाळी भूमिका विरजण मागायला आली आणि बोलता बोलता सांगून गेली. तोतारामचे मुलगे परवाच परत गेले. म्हातारा-म्हातारी दोघंच सकाळ-संध्याकाळ रोट खातायत. त्याला साखर आहे, डॉक्टरांनी काल चांगलं झापलं. तरी ऐकत नाही. पीठ संपतच नाही. का संपत नाही असं भूमिकेने अक्काला विचारलं. तर अक्का म्हणाली, दोन मुठी जास्तीच्या आहेत. पुष्पाच्या नावाची आणि मयुरीच्या नावाची. बाहेर द्यायचं नाही, टाकायचं नाही, उद्या पौर्णिमा. मग कोण खाणार?

मी दार लावलं तरी त्याने मूठ टाकलीच. मला न विचारता. माझ्या पोरीचीसुद्धा.

आधी विरजणाचं पातेलं झाकून ठेवलं. मग असा संताप आला म्हणून सांगू. इतकी वर्षं माझं नाव घेतलं नाही, आणि आता घेतलं तर माझा वाटा हाच बसून खातोय. माझ्या नावाचं अन्न. उद्या साखर वाढून पडला म्हणजे गाव मलाच नावं ठेवणार ते वेगळंच. मयुरीला फोन केला. म्हटलं, पहाटेची पहिली गाडी पकड आणि ये, तुझ्या वाट्याचं दुसरंच कोणी खातंय. तिने गाडीची वेळ विचारली. मग येते म्हणाली. आवाज कसातरीच येत होता, सर्दी झाली असेल.

९ ऑगस्ट

मयुरी आली आणि आम्ही दोघी फाटकातून गेलो. मी त्या फाटकातून पहिल्यांदाच गेले. तो खाटेवर बसला होता, समोर ताट, ताटात रोट आणि गंगाफळाची भाजी. आम्हाला बघून हातातला घास त्याने खाली ठेवला. मी सरळ पुढे गेले. ताट त्याच्यासमोरून उचललं आणि ओट्यावर बसले, त्याच्याकडे पाठ करून.

अक्काने मयुरीला वेगळं ताट वाढलं. वाढताना अर्धं तूप जमिनीवर सांडलं. मयुरी आबांशी नोकरीचं काय काय बोलत बसली, मी तिला अडवलं नाही. पीठ अजून होतं. मीच चुलीशी गेले, राहिलेलं सगळं भिजवलं, लाटलं, भाजलं, आणि पोट फुटेपर्यंत खाल्लं. त्याने हात पुढे केला, तर म्हटलं, आबा, तुमचा वाटा संपलाय, हा माझा आहे. तो म्हणाला, खा. आणि पंच्याने तोंड पुसत बसला, किती वेळ पुसत होता कोण जाणे.

रोट होते चांगले, मीठ कमी होतं. मूठ मात्र त्याने चांगली भरून टाकली होती असं अक्का म्हणते. मी बघितलेलं नाही. पुढच्या श्रावणात गहू मोजताना मी स्वतः सुपासमोर बसणार आहे. त्या म्हाताऱ्याच्या मुठीवर माझा भरवसा नाही.